पोकळ झाडांचा हिशेब

वनखात्याच्या दहा वर्षांच्या कार्य-आयोजनेत जंगलाचा हिशेब मोठ्या काटेकोरपणे मांडलेला असतो. कोणत्या भागात झाडे किती, त्यांचा घेर किती, विरळणी कोणत्या साली करावयाची, जाळरेषा कोठून आखावयाच्या, हे सारे त्यात सापडते. ज्या कीटकांच्या येरझाऱ्यांमुळे त्या झाडांना फळ धरते, त्यांचा उल्लेख मात्र क्वचितच. आणि असलाच तर मध व मेण या उत्पन्नाच्या सदरात.

महाबळेश्वरच्या रानाचेच उदाहरण घेण्याजोगे आहे. जांभूळ, हिरडा, गेळा यांच्या फुलोऱ्यावर तेथील मधाचा लौकिक उभा राहिला. मधमाश्यांचे बिऱ्हाड मात्र एका तऱ्हेचे नसते. आग्या माशी कड्याला किंवा उंच फांदीला आपले एकच विस्तीर्ण पोळे टांगते. फुलोरी माशीला एखादे झुडूप पुरते. सातेरीला अंधार हवा. झाडाची ढोली अथवा खडकाची कपार मिळाली, तरच ती आपली समांतर पोळी रचते. नांगी न मारणारी चिमुकली माशीही बहुधा ढोलीचाच आश्रय घेते.

अडचण येते ती येथेच. वठलेले, पोकळ झाड इमारती लाकडाच्या दृष्टीने निरुपयोगी. ते कीड पोसते, वणव्यात पेटते, म्हणून ते काढून टाकावे, असा वनपालाचा जुना शिरस्ता. तो अगदीच अविचाराचा आहे असे नव्हे. परंतु सागाची रोपे एका पावसाळ्यात लावता येतात; ढोली पडावयास मात्र कित्येक दशके जावी लागतात.

या ढोलीची किंमत १९९१-९२च्या सुमारास कळून आली. थाई सॅकब्रूड नावाच्या विषाणुजन्य रोगाने दक्षिण भारतातील सातेरीच्या वसाहती मोठ्या संख्येने नष्ट केल्या. अळ्या पोळ्यातच पिशवीसारख्या फुगून मरत. रिकाम्या पेट्या सुताराकडून हव्या तितक्या मिळतात, माश्या मिळत नाहीत. त्यांसाठी रानाकडेच वळावे लागते. युरोपातून आणलेली माशी १९६०नंतरच्या दशकात उत्तर भारतात स्थिरावली आणि तिने मोहरीच्या शेतांत पुष्कळ काम केले, हे खरे. तथापि तिच्या पेट्या सरकारी रानात मांडणे म्हणजे देशी माशीचे रक्षण, हा समज सोयीचा असला तरी चुकीचा आहे. फुले तीच आणि त्यांवर हक्क सांगणारी एक जात अधिक, एवढाच त्याचा अर्थ.

कारवीचे तर गणितच निराळे. ती सात-आठ वर्षे मुकाट्याने वाढते, मग सारा उतार एकदम फुलतो आणि बी धरून ती मरते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात तिचा असा बहर २००८, २०१६ आणि २०२४ साली आला. दहा वर्षांच्या आयोजनेत हा योग एकदा, फार तर दोनदा यावयाचा. कुडाच्या भिंतींसाठी कारवी तोडण्याची चाल जुनी आहे. ती मोडण्याचे कारण नाही. तोड फुलोऱ्याच्या आदल्या वर्षी झाली, तर त्या उतारावर ना मध, ना बी. बोंडे फुटून बी पडेपर्यंत थांबले, की वाळलेल्या काठ्या कुडाला मिळतात आणि पुढच्या पावसात रोपेही उगवतात. केवळ तोडीचे साल बदलावयाचे. त्याला वेगळा निधी लागत नाही.

पोकळ झाडांची नोंद करणेही फारसे अवघड नाही. कोणत्या झाडात सातेरी बसते आणि कोणत्या कड्यावर आग्या दरसाल परततो, हे मध काढणाऱ्या कुटुंबांना तोंडपाठ असते. २००६च्या वनहक्क कायद्याने मध हे गौण वनोपज मानून त्यावरील त्यांचा हक्कही मान्य केला आहे. तोडीच्या झाडांवर हातोड्याचा शिक्का मारावयास पथक निघते, तेव्हा त्याच्यापुढे अशा एखाद्या माहितगाराने चालावे, आणि त्याने दाखविलेल्या झाडावर शिक्क्याऐवजी राखीव म्हणून रंगाचा पट्टा ओढला जावा.