मोठ्या कारखान्याचा हिशेब



आपला वाशिम जिल्हा कोरडवाहू, सोयाबीनचा. ऊस वर्षभर पाणी मागतो, साखरबीट पाच-सहा महिन्यांत काढणीस येते. मग बीट का लावू नये? प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर शेतापेक्षा कारखान्यात अधिक आहे. बीटात साखर असल्याचे मारग्राफने १७४७ साली दाखविले, परंतु आखार्डचा पहिला कारखाना चालू व्हावयास १८०२ साल उजाडले.

आपण साधे गणित मांडू. रोज २,५०० टनांचा कारखाना १५० दिवस चालवावयाचा तर ३,७५,००० टन माल लागेल. एकरी ३० टन धरले तर १२,५०० एकर झाले. पण त्याच रानात दरवर्षी बीट घेतले तर रोगकिडी वाढतात. तीन वर्षांची फेरपालट धरली, की ३७,५०० एकर ओलिताची जमीन हवी. ती लांबलांब विखुरलेली असेल तर वाहतूक खाते, कारण बीटाचा पाऊण हिस्सा पाणीच. शिवाय उसाच्या चिपाडावर बॉयलर पेटतो. बीटाचा चोथा गुरांच्या कामी येतो, जळण मात्र विकत आणावे लागते.

आता समजा, व्याज, घसारा व कायम पगार मिळून १५ कोटी रुपये खर्च आहे. पुरा माल आला तर टनामागे ४०० रुपये पडतात, निम्मा आला तर ८००. अशा वेळी मालक असो की संचालक मंडळ, पहिले बोट मजुरीकडे जाते, हे आम्ही वाटाघाटींत पुष्कळदा पाहिले आहे. वस्तुतः तोट्याचे मूळ रिकाम्या यंत्रात असते. तोडणी मजुराचा हिशेब तर टनावर. कारखाना दुप्पट झाला म्हणून त्याचा कोयता दुप्पट चालत नाही. मोठेपणाची बचत बॉयलरपाशी होते. तिचा वाटा मजुराच्या झोपडीपर्यंत आपोआप पोहोचत नाही, तो करारात लिहून घ्यावा लागतो.

विठ्ठलराव विखे-पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० च्या सुमारास लोणीला सहकारी कारखाना उभा केला, तो प्रवरेच्या कालव्यावर ऊस पिकणाऱ्या मुलखात. आधी पाणी, मग पीक, नंतर धुराडे, असा तो क्रम होता.

म्हणून आमची विनंती एवढीच, की शेअरचे पैसे देण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा: ओलिताचे एकर किती, हंगामाचे दिवस किती, आणि टनामागे मजुरी किती? या तिन्हींची उत्तरे लेखी मिळाली तर बीट अवश्य लावा, आम्ही तुमच्याबरोबर आहोत. तोवर सोयाबीनचे रान मोडू नका.