ओटीवरचे बंदिवान
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेंत केलेलें भाषण)



जुन्या करारांत पन्नासावें वर्ष हें सुटकेचें वर्ष म्हणून नेमलेलें आहे. त्या वर्षीं रणशिंग फुंकावें, दासांना मोकळें करावें आणि ज्यानें त्यानें आपल्या घरीं परतावें, अशी आज्ञा होती. आपल्या धर्मग्रामाचें पन्नासावें वर्ष साजरें करतांना आमच्या मनांत एकच प्रश्न येतो: आपल्यांत अद्याप बंदिवान कोण?

आम्ही घरोघर जातों तेव्हां ते आम्हांस ओटीवर बसलेले भेटतात. ज्या गुडघ्यांच्या बळावर त्यांनीं वाड्या शिंपल्या, टोपल्या वाहिल्या आणि देवळांत प्रार्थना केल्या, ते गुडघे आतां सुजले आहेत. हातांचीं बोटें वांकडीं झालीं आहेत. संधिवात हें त्यांच्या दाराचें पहिलें कुलूप. दुसरें कुलूप डोळ्यांस दिसत नाहीं. अन्नावरची वासना जाते, झोंप उडते, नातवंडांचा गलबला नकोसा होतो, जपमाळ हातीं घ्यावीशी वाटत नाहीं, आणि "देवानें आतां न्यावें" हें बोलणें रोजचें होतें. घरचीं माणसें म्हणतात, "वय झालें, असें व्हायचेंच." शेजारी म्हणतात, "श्रद्धा उणी पडली." हीं दोन्हीं उत्तरें चुकीचीं आहेत, इतकें सांगण्यासाठींच आम्ही आज उभे आहों.

अशी अवस्था दोन आठवडे वा त्याहून अधिक टिकली तर तो नैराश्याचा आजार असूं शकतो, आणि त्यावर उपचार आहेत. वेदना व नैराश्य हीं एकमेकांस पोसतात. दुखतें म्हणून माणूस हालत नाहीं. न हालल्यानें सांधे आखडतात व स्नायू दुबळे होतात. घरांत कोंडून राहिल्यानें मन खचतें. आणि खचलेल्या मनास तीच वेदना अधिक तीव्र भासते.

हें चक्र तोडतां येतें. अमेरिकेंत नैराश्यानें पीडलेल्या, साठीच्या पुढील १,८०१ रुग्णांचा अभ्यास झाला. त्यांपैकीं १,००१ जणांस संधिवात होता. सुमारें अर्ध्यांस नेहमींचे उपचार मिळाले. उरलेल्यांची त्यांच्या नेहमींच्याच दवाखान्यांत एक प्रशिक्षित व्यक्ति वर्षभर विचारपूस करी, उपचार नीट चालले आहेत ना तें पाही, आणि रोजच्या अडचणी एकेक करून सोडविण्यास शिकवी. त्याचे निष्कर्ष २००३ सालीं प्रसिद्ध झाले. ह्या दुसऱ्या गटाचें नैराश्य तर उणें झालेंच, परंतु सांध्यांचें दुखणेंही कमी झालें व हिंडणेंफिरणें सुधारलें. मनावर केलेला उपचार गुडघ्यांसही लाभला.

पवित्र शास्त्रांत एलिया संदेष्टा झुडपाखालीं बसून मरण मागत होता. देवदूतानें त्यास श्रद्धेवर प्रवचन दिलें नाहीं. भाकर दिली, पाणी दिलें, निजूं दिलें, आणि पुन्हा उठवून खाऊं घातलें. मग त्याच्या पायांत पुढील वाट चालण्याचें बळ आलें.

आपणही तेंच करावें. म्हाताऱ्या माणसास डॉक्टरांकडे न्याल तेव्हां सांध्यांबरोबर मनाचें दुखणेंही सांगा. औषधाचा गुण येण्यास कांहीं आठवडे लागतात. तें आपल्याच विचारानें बंद करूं नका. मरणाची भाषा थट्टेवारीं नेऊं नका. जवळ बसून विचारा, आणि त्यांना एकटें सोडूं नका. सरकारची "टेली-मानस" ही सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य सल्ला मिळतो. तरुणांनो, डॉक्टरांस विचारून सायंकाळीं आजीला हात धरून अंगणांत चार पावलें चालवा. आणि आजाऱ्यांच्या अभ्यंगासाठीं धर्मगुरूला बोलाविण्यास शेवटच्या घटकेची वाट पाहूं नका. हा संस्कार केवळ मरणोन्मुखांसाठीं नाहीं, असें व्हॅटिकन धर्मपरिषदेनें १९६३ सालींच स्पष्ट केलें आहे.

आपल्या उत्सवाचें रणशिंग ह्या ओटीपर्यंत ऐकूं गेलें, तरच हें वर्ष सुटकेचें वर्ष ठरेल. आजाऱ्यांचें आरोग्य जी पवित्र मारिया, ती आपल्या वडीलधाऱ्यांसाठीं सदैव विनंती करो. आमेन.