गृहपाठ पानांनी मोजायचा की घड्याळाने?



दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणीकडची कितीतरी गावे मग मार्च-एप्रिलपर्यंत म्हातारी माणसे आणि लेकरे यांच्यावर चालतात. मागे राहिलेली काही मुले हंगामी वसतिगृहाच्या आधाराने शिकतात, काही आजीजवळ राहतात. पाणी भरणे, शेळ्या बांधणे, धाकट्याला सांभाळणे त्यांच्याच अंगावर पडते. अशा वर्गाला ‘स्वाध्याय पूर्ण लिहून आणा’ म्हटले, की सर्वांना सारखेच काम दिल्याचे समाधान गुरुजींना मिळते. पण जे काम एकाचे वीस मिनिटांत उरकते, त्याच कामात समजावून सांगणारे कोणी नसलेल्या मुलाचा दीड तास जातो आणि शेवटी तो गाईडातले उतरवून मोकळा होतो. म्हणून माझे म्हणणे असे, की गृहपाठाला पानांचे नव्हे, वेळेचे माप लावावे. आणि त्या वेळात काय करायचे, याची थोडी निवड मुलाकडे सोपवावी.

यातली वेळेची बाजू सरकारदरबारी केव्हाच मान्य झाली आहे. दप्तराच्या वजनापेक्षा न समजण्याचे ओझे जड असते, असे यशपाल समितीने १९९३ मध्येच सांगितले. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठच नाही. तिसरी ते पाचवीला आठवड्याला फार तर दोन तास, सहावी ते आठवीला दिवसाला एक तास आणि पुढे दोन तास. तिसरी ते पाचवीचा आकडा आठवड्याचा आहे, दिवसाचा नाही. तो वाचताना बऱ्याच शाळांची नजर घसरते. अमेरिकेत हॅरिस कूपर यांनी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा प्राथमिक वर्गांत गृहपाठ आणि गुण यांचा संबंध जेमतेम दिसला, वरच्या वर्गांत तो वाढला. निवडीबद्दल एरिका पॅटॉल आणि सहकाऱ्यांचा २०१० चा अभ्यास आहे: गृहपाठ निवडता आला, त्या घटकात विद्यार्थ्यांची गोडी वाढली आणि चाचणीतही ते सरस ठरले. ती मुले अमेरिकेतल्या हायस्कूलची होती. तो निष्कर्ष धारूरच्या चौथीला जसाच्या तसा लावणे धाडसाचे होईल; पण तसा प्रयोग करून पाहायला खर्च काहीच नाही.

निवड दिली तर मुले सोपे तेच उचलतील, हा पहिला आक्षेप. पर्याय गुरुजींनीच ठरवायचे असतात. क्षेत्रफळ शिकवायचे असेल तर पुस्तकातली चार उदाहरणे सोडवा, किंवा घरातली खोली, नाहीतर अंगण मोजून हिशेब मांडा. दोन्हींत गणित तेच. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: वेळ संपली म्हणून थांबलेले कच्चे मूल आणखी मागे पडेल. पण अर्ध्या तासानंतर वहीत रेघ ओढून थांबलेले मूल नेमके कुठे अडले, ते त्या रेघेवरून कळते. गाईडातून उतरवलेल्या चार पानांवरून काहीच कळत नाही. तिथून पुढचे काम शिक्षकाने वर्गात करायचे असते, अंगठा उठवणाऱ्या आजीने नव्हे. अर्थात ती रेघ दुसऱ्या दिवशी पाहिलीच नाही, तर आक्षेप घेणारेच खरे ठरतील.

दहावीचे काय, असे पालक विचारतात. बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेवर वेळ छापलेली असते आणि ‘कोणतेही दोन सोडवा’ अशी सूचनाही असते. परीक्षेला जे चालते, ते गृहपाठाला का चालू नये? उरला शिक्षकांवरचा भार. एका गुरुजींकडे दोन-दोन वर्ग असतात, हे खरेच आहे. पण वेळेला मर्यादा घातली, की तपासायची पानेही घटतात.