हातातले काम

पांडेसऱ्याच्या रंगाई-छपाईच्या गिरण्यांत खानदेशातून आलेले कितीतरी हात राबतात. मन मात्र मागे राहिलेल्या शेतात, नाही तर पुढच्या पगारात गुंतलेले असते. पगाराचा हिशेब चोख हवाच. पण तो पगाराच्या दिवशी! अशा विभागलेल्या मनाने खानदेशच्याच बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचे स्मरण करावे. असोद्याच्या या निरक्षर लेकीला ऐन तारुण्यात वैधव्य आले. तरीही दळताना, शेतात राबताना त्यांना ओव्या स्फुरत गेल्या; पुत्र सोपानदेव त्या लिहून ठेवीत. १९५२ साली ग्रंथ निघाला, तेव्हा बहिणाबाई हयात नव्हत्या. ओवीचा आनंद मात्र त्यांना त्या त्या वेळी जात्यापाशीच लाभून गेला होता.