कवडशातली धूळ

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आज मी धुळीबद्दल बोलणार आहे, तीही संगणकावर केलेल्या. शिबिरात हा कसला विषय, असं काही जणींना वाटेल. पण आपल्या गटाने जिनातल्या बायांसाठी छोटी फिल्म केली, तेव्हा सगळ्यात जास्त भांडण या धुळीवरूनच झालं.

जिनात शूटिंगला परवानगी मिळाली नाही. कॅमेरा फाटकाबाहेर, असं मालकांनी सांगितलं. मग आतलं काम चित्रांतून दाखवायचं ठरलं. रेच्यांची रांग, हाताने कापूस घालणाऱ्या बाया, सरकीचा ढीग. ही चित्रं हलती करायला आम्ही आफ्टर इफेक्ट्स हे सॉफ्टवेअर घेतलं. १९९३ पासून ते आहे. मी समाजकार्य शिकलेली, तिथे हे कोण शिकवणार? चुकत चुकत शिकले.

धुळीचा एकेक कण काढत बसायचं नसतं. १९८२ च्या ‘स्टार ट्रेक २’ या चित्रपटात एका ग्रहावर आगीची लाट पसरत जाताना दाखवायची होती. लुकासफिल्ममधल्या विल्यम रीव्ह्ज यांनी त्यासाठी पद्धत काढली: कण कुठून निघतो, किती वेगाने जातो, किती वेळ टिकतो, एवढे नियम द्यायचे. हजारो कण यंत्र काढतं. आजही तेच चालतं. आफ्टर इफेक्ट्समध्ये सीसी पार्टिकल वर्ल्ड नावाची सोय आहे. तिथले शब्द बघा: बर्थ रेट, लाँजेव्हिटी, बर्थ साइझ, डेथ साइझ. जन्मदर आणि आयुर्मान! मला तर आरोग्य केंद्रातल्या बैठकीला बसल्यासारखं वाटलं.

सुरुवातीला हे कण रेषांसारखे उडतात. त्यांचे फिकट, अगदी बारीक गोळे करायचे. गुरुत्वाकर्षण शून्यावर आणायचं, नाहीतर धूळ वाळूसारखी खाली पडते. कणाचं आयुष्य एक सेकंदाचं असतं ते वाढवायचं, कारण बारीक धूळ तरंगत राहते. ती एका बिंदूतून न काढता शेडभर पसरायची. आणखी एक गोष्ट. पहिल्या क्षणी पडदा कोरा असतो, धूळ नंतर निघते. पण बाई कामावर येते तेव्हा धूळ आधीच हवेत असते. म्हणून धुळीचा थर वेळपट्टीवर काही सेकंद मागे सरकवला.

फार सुंदर दिसलं. आम्ही खूश झालो आणि वस्तीवर जाऊन दाखवलं. पुढे बसलेली एक बाई हसायलाच लागली. “ताई, हे त चांदन्या दिसून राह्यल्या.” दुसरी म्हणाली, “उडते तो कापूस दिसते, तो आमी झटकतो. छातीत जाते ते काई दिसत नाही.”

तिचं बरोबर होतं. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. छातीत खोल उतरणारे कण दहा मायक्रॉनच्याही खालचे. कापसाच्या धुळीने होणाऱ्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. सुटीनंतर कामावर गेल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, पुढच्या दिवसांत जरा बरं वाटतं. वर्षानुवर्षं तेच काम केलं की मग रोजच आवळते. १९४८ च्या कारखाना कायद्यात नोंदवायच्या आजारांच्या यादीत त्याचं नाव होतं. बाईच्या कागदावर मात्र ‘दमा’ लिहिलेलं सापडतं. आणि आम्ही काय केलं होतं, तर झटकता येणारी धूळ मोठी करून दाखवली होती. मारणारी धूळ फिल्ममध्ये नव्हतीच.

यावर आमच्यात दोन मतं पडली. एक, धूळ काळी आणि दाट करा, लोक घाबरतील. मला ते पटलं नाही. ज्या बाईने वीस हंगाम तिथे काढले तिला खोटी धूळ दाखवून काय मिळणार? आणि मालकाला म्हणायला मोकळं, की हे तर कॉम्प्युटरवर केलंय.

उपाय शेवटी बायांनीच सुचवला. सकाळी पत्र्याच्या भोकातून कवडसा पडतो, तेव्हा दिसते म्हणाल्या. उजेड एका बाजूने आला की एरवी न दिसणारी धूळ चमकते. मग तेच केलं. कणांचा थर शेडभर तसाच ठेवला, पण त्याला कवडशाच्या आकाराचा मुखवटा लावला. कण फक्त उजेडाच्या पट्ट्यात दिसतात, बाहेर गेले की नाहीसे. हवा स्वच्छ दिसते. मग कवडसा हळूहळू सरकत रेच्यावरून बाईच्या तोंडापर्यंत येतो. खाली आम्ही स्पष्ट लिहिलंय: हे चित्र संगणकावर काढलेलं आहे. पुरावा हवा तर बाईच्या अंगावर पंप लावून गाळणकागदावर धूळ गोळा करावी लागते, ती तोलावी लागते. ती मागणी वेगळी, ती चालूच ठेवायची आहे.

नवी फिल्म पाहताना कोणी हसलं नाही. एकीने थांबवायला मात्र लावली. “झाडू कुठाय?” पाळी संपली की बायाच शेड झाडतात, आणि सगळ्यात जास्त धूळ तेव्हाच उडते. आम्ही कोणीच ते विचारलं नव्हतं. तो प्रसंग आता करतेय. त्यात कण जमिनीतून वर उठवायचे आहेत, अजून नीट जमत नाहीये.