विकर, लिथियम आणि मी
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



विज्ञानाच्या बाईंनी एकदा आपल्याला पोळीचा घास सावकाश चावायला लावला होता, आठवतंय? घास गोड लागायला लागला तेव्हा त्या म्हणाल्या, "हे लाळेतल्या विकराचं काम." मला वाटलं, विकर म्हणजे पचनाचा धडा. मेंदूतही विकरं असतात, हे मला पंधरा वर्षांपूर्वी कळलं, तेही पुस्तकातून नाही.

तेव्हा मी रात्रीच्या रात्री न झोपता कोड लिहीत होते. झोप नको, भूक नको, जग जिंकल्यासारखं वाटायचं. मग तीन महिने अंथरुणातून उठवेना. निदान झालं : बायपोलर डिसऑर्डर. औषध मिळालं लिथियम.

ऑस्ट्रेलियातल्या डॉ. जॉन केड यांनी १९४९ साली उन्मादाच्या रुग्णांवर लिथियमचा गुण दाखवून दिला. ते नेमकं कशावर काम करतं, याचा एक मोठा धागा १९९६ मध्ये हाती आला, म्हणजे आपण दहावी झालो त्याच वर्षी. तो धागा म्हणजे जीएसके-३ नावाचं विकर. ते इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडतं आणि त्यांचं काम बदलतं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, फ्लॅग बदलतं. गंमत म्हणजे ते एरवी चालूच असतं, पेशीला संदेश आला की थंडावतं. लिथियमही त्याला आवर घालतं. ज्या उंदरांत या विकराच्या एका जनुकाची एकच प्रत असते, ते काही चाचण्यांत लिथियम दिलेल्या उंदरांसारखे वागतात. अर्थात, एवढा मोठा आजार एका विकरात मावत नाही. लिथियम इतरही विकरांवर काम करतं.

पण एवढं समजल्यावर माझ्या मनातली अढी सुटली. "मनाने खंबीर हो, गोळ्या कशाला?" हे ऐकून मी दोनदा गोळ्या बंद केल्या होत्या. दोन्ही वेळा आजार उलटला. आता ठरल्या वेळी रक्तातलं लिथियम, थायरॉइड, किडनी तपासून घेते. गोळी चुकवत नाही आणि झोपही.

मागच्या मेळाव्याला मी ग्रुपवर 'ऑफिसचं काम आहे' असं कळवलं होतं. ते खोटं होतं. आज खरं सांगितलं. आपल्यातलं कुणी, किंवा कुणाचं लेकरू यातून जात असेल, तर संकोच न करता मला फोन करा.

आणि बाई, घास मी अजूनही सावकाशच चावते.