कोऱ्या दप्तरातील आदिलाबाद

११ ऑक्टोबर २०१६ रोजी आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. निर्मल, मंचेरियाल व कोमराम भीम आसिफाबाद वेगळे निघाले. अशा मुलखाच्या जमीननोंदींची संगणकप्रणाली रचावयाची, तर जिल्हे व मंडले यांची यादी तीत आधीच भरलेली हवी. चाचणी मात्र खऱ्या दप्तरावर घेत नाहीत. तिच्यासाठी निराळे, कोरे दप्तर उभारतात.

'जँगो' या साधनसंचात ते दप्तर उभारतानाच यादी भरता येते. साधी चाचणी आपल्यापुरते फेरफार शेवटी मागे घेते. यादी शाबूत राहते. व्यवहार खरोखर पक्के करणारी चाचणी मात्र संपताना सारे तक्तेच पुसते. फळा पुसताना भिंतीवरचा नकाशाही फाडावा, तसे हे! पुढच्या तशाच चाचणीला आदिलाबाद सापडत नाही, आणि निर्दोष प्रणालीवर ठपका येतो. 'सिरियलाइज्ड रोलबॅक' हा पर्याय चालू केला, की आरंभीची यादी चाचणीपूर्वी परत भरली जाते; वेळ मात्र बराच अधिक लागतो.

परंतु भरलेली यादीच २०१६ पूर्वीची असली, तर? चाचणी बिनबोभाट पार पडेल, आणि निर्मलच्या शेतकऱ्याची जमीन आदिलाबादेत दिसेल. तेथे कोणताही पर्याय कामी येत नाही. यादी राजपत्राशी माणसानेच ताडून पाहावी लागते.